जिन्याचा फोटो सोडून

९ जानेवारी

चि. खिळ्यास,

आशीर्वाद भरपूर, पत्र मात्र थोडं उशिरा. घराच्या विक्रीचं फोनवर बोलायचं नाही हे आपलं ठरलंय ते बरंच झालं. फोनवर तू गोदीतल्या भोंग्याच्या वर आवाज काढतोस, मग मी तुझ्या वर काढते, आणि शेवटी तुझी बायको फोन घेऊन म्हणते, "ताई, जेवलात का?" त्यापेक्षा कागद बरा. कागदावर मला कुणी मधेच तोडत नाही.

घर विकायला काढलं म्हणताच गुळाला मुंगळे लागावेत तसे एजंट जमले. पण या जुन्या भागात कुणालाही घर सोपवून चालत नाही. दीडशे वर्षांच्या भिंती, दारावर 'संरक्षित इमारत' अशी पाटी, खिडकीला रंग द्यायचा तरी कचेरीची परवानगी. तुला काय सांगायचं म्हणा, ज्या माणसानं जन्मभर त्या परवानग्या दिल्या आणि त्याहून जास्त नाकारल्या, त्याचीच आपण मुलं. कोपऱ्यावर अजून मला 'फूटपट्टीसाहेबांची मुलगी' म्हणतात.

तीन जण बघितले. पहिला चौकातल्या काचेच्या ऑफिसातला. त्याचं नाव मी चकचकीत ठेवलंय. चष्म्याच्या दुकानात पंचवीस वर्षं काढून माझे डोळे तसे तयार झालेत, पण त्याच्या बुटांपुढे तेही मिटले. दार, फरशी, गळका नळ, जे दिसेल त्याला 'क्लासिक' म्हणतो. मोठ्या कॅमेऱ्यानं कोपरान्‌कोपऱ्याचे फोटो काढणार आणि जगभर दाखवणार म्हणे.

दुसरे किल्लीवाले काका, बाबांच्या ओळखीचे. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, त्यांच्या आधी तोच बोलतो. फोटोबिटो काही नाही, गिऱ्हाईक हाताला धरून आणतात. वर्षाला दोन घरं विकतात, त्यातलं एक नातेवाइकांना.

तिसऱ्या बाई आधी वीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. आल्या, पाणी प्यायल्या आणि पहिला प्रश्न, "घराचं दुखतं कुठं?" गिऱ्हाइकाला दोष आधी सांगायचे, गुण त्याला आपोआप दिसतात, अशी त्यांची रीत. बाई चांगल्या आहेत, पण फार विचारतात. जिन्यात तर इतका वेळ उभ्या राहिल्या की मीच त्यांना खाली बोलावलं आणि नको म्हणून सांगितलं.

माझं मत किल्लीवाल्या काकांना. तुझं कळव, कारण सही दोघांची लागणार. बाबांना जाऊन चौदा महिने झाले. आता माझं म्हणावं असं तू एकटाच उरलायस, तेव्हा घरापायी आपल्यात वाकडं यायला नको.

ताई


२७ जानेवारी

ताईस नमस्कार,

किल्लीवाले काका? अगं, ते मी शाळेत असताना म्हातारे होते. तुला घर विकायचंय की काकांना फिरायला जागा द्यायचीय? माझं मत चकचकीतला. बूट कसे का असेनात, फोटो तर काढतो. आम्हाला घाई आहे. तुझी भावजय जुलैत बाळंत होईल, आणि ही खोली अशी की पाळणा ठेवला तर आम्ही दोघांनी जिन्यात झोपायचं.

जिन्यावरून आठवलं. जाहिरातीत रेलिंगचं आवर्जून घालायला सांग. आपल्या भागातले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्या. घरात म्हातारं माणूस असलेलं गिऱ्हाईक जिना बघूनच परत फिरतं. मी पाठवलेलं रेलिंग जहाजावरच्या पाइपचं आहे, हत्ती लोंबकळला तरी वाकणार नाही. बसवलं म्हणून तू लिहिलं होतंस, पण मी अजून बघितलेलं नाही. जिन्याचा एक झकास फोटो येऊ दे.

मला शेवटचं यायला जमलं नाही, ते मनात सलतं. बाबा झोपेत, आपल्या अंथरुणात गेले एवढाच धीर आहे. पडले-धडपडले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं, आणि खरं सांगतो, तुलाही नाही.

खिळ्या


४ फेब्रुवारी
(हे पत्र टाकलं नाही)

खिळ्या,

रेलिंग बसवलेलं नाही. ते तू पाठवलंस तसं, तीन तुकड्यांत, गोणपाटात गुंडाळलेलं, माझ्या पलंगाखाली आहे.

मी बाबांच्या हातापाया पडले. म्हणाले, "संरक्षित जिना आहे. भिंतीला भोक पाडणं नियमात बसत नाही. लोकांना जन्मभर अडवलं, आता माझ्याच घरात पाडू?" मी भांडले, दोन दिवस अबोला धरला. ते ढिम्म. सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीला तळवा घासत चढायचे आणि उतरायचे. भिंतीवर हाताच्या उंचीवर तेलकट पट्टा पडला होता. तू दर पत्रात विचारायचास, आणि दर वेळी काय लिहायचं म्हणून एकदा कंटाळून 'बसवलं' असं लिहून टाकलं. एका शब्दानं किती हलकं वाटलं मला त्या दिवशी.

त्या मंगळवारी मी दुकानातून साडेसहाला आले. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. बाबा दाराच्या आत, जिन्याच्या पायथ्याशी पडले होते. डॉक्टर म्हणाले, सकाळी अकराच्या सुमाराला गेले असावेत. असावेत म्हणजे काय रे? लगेच गेले की तासभर मला हाका मारत होते? समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन दिवसभर चालू असतं, त्यांना काही ऐकू आलं नाही. मी त्या वेळी कुणाला तरी फळ्यावरची अक्षरं वाचायला लावत होते.

तुला फोन करताना 'अंथरुणात' हा शब्द तोंडातून कसा आला मला कळलं नाही. तो आला आणि मग परत घेता येईना. आता तू लिहितोस, मला माफ करणार नाहीस. मग कुणाला सांगू?


५ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,

पत्र मिळालं. भावजयीला जपायला सांग, आणि तिला जड उचलू देऊ नकोस, तू स्वतःच पुरेसा जड आहेस.

एजंट मात्र काकाच. फोटो जगभर दाखवायचे म्हणजे चोरांना घराचा नकाशा देण्यासारखं. शिवाय जिन्यात उजेड कमी, फोटो धड येणार नाही. रेलिंग जागच्या जागी आहे, त्याची काळजी नको. थोडा धीर धर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं करू नकोस.

ताई


१९ मे

ताई,

साडेतीन महिने झाले. काकांनी दोन गिऱ्हाइकं आणली. एक त्यांचा भाचा, त्याला भाड्यानं हवं होतं. दुसरं आंधळं होतं की काय कोण जाणे, कारण ते म्हणे घर न बघताच परत गेलं.

स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस, किंवा मान. तुला घर विकायचंच नाहीये. तू तिथं राहतेस म्हणून ते तुझं एकटीचं झालं असं वाटायला लागलंय का? मी चकचकीतच्या ऑफिसला परस्पर कळवलंय. गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, त्यांचा माणूस फोटो काढायला येईल. त्याला दार उघड. ते तरी करशील ना?

खिळ्या


२८ मे

खिळ्या,

येऊन गेला. दार उघडलं. सगळ्याचे फोटो काढ, जिना सोडून, असं मी त्याला दोनदा सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, या भागात लोक जिन्यासाठीच घर घेतात." आणि पायथ्याशी, बरोबर त्या जागी, गुडघ्यावर बसून त्यानं फोटो काढले.

एक ऐक. फोटो आले तरी लगेच बघू नकोस. मला तुला काही सांगायचंय. आज हात चालत नाही, पण दोन दिवसांत लिहिते. तोवर थांब. एवढं मोठ्या बहिणीचं ऐक.

ताई


३ जून

ताई,

तुझं पत्र आज आलं. फोटो परवाच आले होते.

बारा फोटो आहेत. सातवा जिन्याचा. भिंत कोरी आहे. मोठा करून बघितला. एक भोक नाही, बुजवल्याची खूण नाही. बुजवलेलं भोक मला कळतं, माझा धंदाच तो आहे. मात्र भिंतीवर हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा आहे, खालपासून वरपर्यंत, आणि वरच्या चौथ्या पायरीपाशी तो तिरका खाली गेलाय.

रेलिंग कुठं आहे?

आणि बाबा कुठं गेले, ताई? अंथरुणातच ना?


१२ जून

खिळ्या,

सोबत एक पत्र आहे. चार फेब्रुवारीला लिहिलेलं, पाकिटात घालून पत्ताही घातला होता. पेटीपर्यंत जाऊन परत आले. त्यात सगळं आहे, नवीन काही लिहायचं नाही.

फक्त एवढंच, की बाबांवर सगळं ढकलून मी सुटणार नाही. त्यांचा हट्ट होता, पण मी काही शाळकरी पोर नव्हते. त्यांच्या नाकावर टिच्चून माणूस बोलावता आला असता. मला भांडणाचा कंटाळा आला, इतकंच. पट्टा तिरका खाली गेलाय ते मलाही दिसतं. रोज उतरताना दिसतं. म्हणून हे घर मला विकायचंय. तुझ्याहून जास्त मला विकायचंय.

तू मला टाकलंस तरी मी समजेन. पण टाकलंस असं लिहून तरी कळव.

ताई


२४ ऑगस्ट

चि. खिळ्यास,

दहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. मुलगी झाल्याचं तुझ्या बायकोच्या निरोपावरून कळलं. मी दुकानात होते. एका आजोबांच्या नाकावर चष्मा अर्धा ठेवला होता, तो तसाच राहिला आणि मी मागच्या खोलीत जाऊन रडले. आनंदानंच. आजोबा बाहेरून विचारत होते, "आता वाचू का?"

तू बोलत नाहीस म्हणून घर थांबत नाही. मी चकचकीतला आणि काकांना दोघांनाही हात जोडले आणि नर्सबाईंकडे गेले. जानेवारीत मी त्यांना का घालवलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तुम्ही त्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर पाय टेकवत नाही, उडी मारून उतरता." माझ्या लक्षातही नव्हतं ते. मग त्यांनीच विचारलं, घरात वडील कसे गेले हे गिऱ्हाइकाला सांगायचं का? मी म्हटलं, सांगा. एकदा तरी कुणाला खरं कळू दे.

त्यांनी सांगितलं, आणि तरी गिऱ्हाईक थांबलं. नवरा-बायको आणि त्याची आई. आईंना गुडघ्यांचा त्रास, म्हणून जिन्याला आधार हवाच, एवढीच अट. नर्सबाई परवानगीचा अर्ज घेऊन कचेरीत गेल्या आणि एक कागद घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "नवीन अर्ज नको. तुमच्या घराला परवानगी आधीच आहे."

खिळ्या, अर्ज बाबांच्या अक्षरात आहे. तुझं पार्सल आलं त्याच आठवड्याची तारीख. 'मुलाने स्वतः बनवलेले रेलिंग जिन्याच्या भिंतीस लावणेबाबत.' खाली अकरा दिवसांनी दिलेली मंजुरी. म्हणजे माझ्याशी 'नियमात बसत नाही' म्हणून भांडत होते तेव्हा मंजुरी कचेरीत त्यांच्या नावानं पडलेली होती. अडीच वर्षं! मी तो कागद हातात घेऊन त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहून ओरडले. रिकाम्या खुर्चीवर. शिंपीणबाईंनी या वेळी मात्र मशीन थांबवलं.

गेल्या शनिवारी माणूस आला. पलंगाखालून तुझं गोणपाट काढलं. माप एका दोऱ्याचंही चुकलं नव्हतं. चाळीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं, चाळीस मिनिटं.

माझ्यावर राग असू दे. पण तुझं आणि बाबांचं फोनवर बोलणं व्हायचं, म्हणून विचारते. काही कळलं असेल तर सांग. अर्ज करून, मंजुरी मिळवून, त्यांनी मला ते का लावू दिलं नाही? मी त्यांची कोण होते?

ताई


१० सप्टेंबर

ताई,

मुलगी तुझ्यावर गेलीय. रडते तीही दुसऱ्याला चूक कबूल करायला लावल्यासारखी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस लिहिलं नाही. तुला वाटलं मी रागावलोय. मी तसं वाटू दिलं, कारण ते मला सोयीचं होतं.

मंजुरी मिळाली त्या दिवशी बाबांनी मला फोन केला, तू दुकानात असताना. खूश होते. म्हणाले, "परवानगी काढून ठेवलीय. ताईला बोलू नकोस, ती उद्याच कुणाला तरी धरून आणेल आणि बसवून मोकळी होईल. तिला मी नियम सांगून थोपवतो. तू ये. भोकं तू पाड, दुसरं टोक मी धरतो."

मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत येतो. त्या सुट्टीत जादा काम निघालं. त्याच्या पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं समुद्रावर फिरायला गेलो होतो, तुम्हाला काम आहे म्हणून कळवलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी दमलेलो होतो. म्हटलं, "बाबा, आठ स्क्रूंसाठी दोन दिवसांचा प्रवास करू का?" ते म्हणाले, "नको रे, घाई कुठं आहे." नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

मग तुझं 'बसवलं' आलं. ताई, ते खोटं आहे हे मला वाचताक्षणी कळलं होतं. खरंच बसवलं असतंस तर माझ्या मापांना नावं ठेवायला तुला दोन पानं पुरली नसती. तू एका शब्दात आटपलंस. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर यावं लागलं असतं. आणि जानेवारीत मी रेलिंगचा विषय मुद्दाम काढला, तू पुन्हा एकदा 'आहे' म्हणावंस म्हणून. तू म्हणालीस आणि मला त्या रात्री झोप लागली. तुला माफ करणार नाही असं लिहिणारा मी.

तू त्यांची कोण होतीस म्हणून विचारतेस. तू रोजची होतीस. ज्याला रोज दार उघडतात त्याची वाट बघत नाहीत. वाट माझी बघत होते, त्या भिंतीला हात घासत, अडीच वर्षं.

आणि काम चाळीस मिनिटांचं होतं.

सहीचे कागद सोबत आहेत. नर्सबाईंना माझा नमस्कार सांग. मला फक्त एक कळव. त्या माणसानं ते एकट्यानं बसवलं, की दुसरं टोक कुणी धरलं होतं?

खिळ्या


१९ सप्टेंबर

खिळ्या,

कागद मिळाले. पुढच्या महिन्यात किल्ल्या द्यायच्या. त्यानंतर मी दुकानाच्या वरच्या खोलीत असेन. मुलीला घेऊन या वेळी ये. सुट्टी मिळाली नाही तरी ये. मला तुझा राग आला आहे, आणि तो समोर बसवून काढायचा आहे.

तो माणूस एकटाच आला होता. दुसरं टोक मी धरलं. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, सोडा आता, पक्कं बसलं." मी सोडलं नाही. त्यानं आणखी दोनदा सांगितलं, मोठ्यानं. त्याला वाटलं, मला कमी ऐकू येतं.

ताई